काउंटर बंद व्हायची वेळ

माझ्या भाचीला सोमवारी, १२ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री म्युनिकला मुलगी झाली. माझी ताई, म्हणजे भाचीची आई, तिथे पोचली मंगळवारी सकाळी. ठरल्याप्रमाणे ती सोमवारी सकाळीच पोचायची होती. मधला एक दिवस कुठे गेला, हे शोधायला मी तेव्हापासून कितीदा तरी तो रविवार मनात पुन्हा जगलो आहे. घाटात कंटेनर बंद पडला, असं घरात सगळे सांगतात. कंटेनर बंद पडला होता हे खरंच आहे, पण गोष्ट तिथे सुरू होत नाही. म्हणून जसं घडलं तसं, वेळेनुसार मांडतो.

विमान पहाटे १:२० चं, मुंबई विमानतळ, टर्मिनल २. सामान घेणारं काउंटर एक तास आधी, म्हणजे १२:२० ला बंद होणार. दिंडोरीच्या पुढे आमचा मळा आहे, तिथून सहारच्या या विमानतळापर्यंत साधारण २०० किलोमीटर. मोबाइलवरचा नकाशा शनिवारी दुपारी सव्वाचार तास दाखवत होता. मी हिशेब केला: पाचला निघू, साडेनऊला पोचू, हाताशी पावणेतीन तास. हे पावणेतीन तास मी सगळ्यांना मोठ्याने सांगितले. तिथेच पहिली चूक झाली. वेळ शिल्लक आहे असं ऐकलं की घरातला प्रत्येक जण आपापल्या कामासाठी त्यातला थोडा वापरतो.

रविवार, सकाळी ६:०० — काउंटर बंद व्हायला १८ तास २० मिनिटं

शेनिन ब्लांची काढणी. वाइनची द्राक्षं उन्हं चढायच्या आत तोडावी लागतात. गार मणी वायनरीत पोचले तर रस चांगला राहतो, तापलेले मणी वाटेतच आंबायला लागतात. ताई लहानपणी ज्या शेतात टोमॅटो तोडायची, त्याच शेतात कात्री घेऊन बायकांच्या ओळीत उभी राहिली. मणी बारीक, गच्च, साल जाड, आत बी. थॉमसन द्राक्षं खाणाऱ्या जिभेला ते आवडत नाही. ताईने एक मणी तोंडात टाकला आणि म्हणाली, “दादा, हे खायचं द्राक्ष नाहीच रे.”

दादा हसला. राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये नाशिकजवळ वाइनची द्राक्षं लावली आणि २००० मध्ये त्यांच्या सुला वायनरीची पहिली वाइन आली. पुढच्याच वर्षी राज्याचं वाइन धोरण आलं. तेव्हा आमच्या भागातल्या अनेकांसारखा दादाही या पिकाकडे वळला. करार असतो, भाव ठरलेला असतो, पण तो साखरेवर. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून पट्टी वाचायची. त्या सकाळी दादाच्या हातातल्या यंत्रात २१.५ आलं. शुगर भरली होती. ताईनेही डोळा लावून पाहिलं. निळ्या आणि पांढऱ्यामधली ती रेघ बघताना तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

सकाळी ११:३० — १२ तास ५० मिनिटं

क्रेट भरून पिकअप वायनरीकडे गेला. दादाही गेला. “दोनपर्यंत येतो, मग निवांत जेवू.”

दुपारी २:३० — ९ तास ५० मिनिटं

दादाचा फोन. वजनकाट्यापुढे अकरा गाड्या, आपली नववी. काढणीच्या हंगामात हे व्हायचंच, त्यात कुणाचा दोष नाही. पण हे मला माहीत होतं, तरी मी ते हिशेबात धरलं नव्हतं.

घरात बॅग भरणं चालू होतं. डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशोप, ओवा, जुन्या सुती साडीची सहा दुपटी. जावयासाठी दादाने दोन बाटल्या काढून ठेवल्या होत्या, आपल्या मळ्यातली द्राक्षं जिथे जातात तिथली वाइन. वहिनीने त्या हातातल्या पिशवीत ठेवल्या. मी थांबवलं. आंतरराष्ट्रीय विमानात शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली सुरक्षा तपासणीतून आत जात नाही, ती मोठ्या बॅगेतच हवी. मग बाटल्या दुपट्यांत गुंडाळल्या, बॅग काट्याला अडकवली, २५ किलो भरली. मर्यादा २३. लाडवांचा एक डबा बाहेर, पुन्हा वजन, साडी बाहेर, पुन्हा वजन. चाळीस मिनिटं. ताई प्रत्येक वेळी लाडूच आत ठेवायची आणि स्वतःचे कपडे बाहेर काढायची.

संध्याकाळी ४:३० — ७ तास ५० मिनिटं

सहाच्या सुमाराला तपोवन एक्सप्रेस नाशिकरोडवरून मुंबईला जाते. मळ्यापासून स्टेशनला तासभर लागतो, म्हणजे तेव्हा निघालो असतो तर गाडी मिळाली असती. घाट रुळांवरून उतरलो असतो, दादरला दहाच्या आत पोचून टॅक्सी केली असती. माझ्या मनात हे आलं होतं. पण आरक्षण नव्हतं, बॅग जड होती आणि दारात स्वतःची गाडी उभी होती. मी बोललोच नाही.

संध्याकाळी ५:०० — ७ तास २० मिनिटं

ठरलेली वेळ. दादा आला नव्हता. वायनरीतल्या तपासणीत साखर थोडी कमी आली होती आणि दुसरा नमुना काढायला सांगितला होता. त्या आकड्यावर वर्षाचा भाव ठरतो, तो सोडून येणार कसा? आणि ताई? दोघांची याआधीची भेट तीन वर्षांपूर्वीची. “दादाला न भेटता मी कशी जाऊ?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण त्याला भेटायला वायनरीच्या फाटकावर जाता आलं असतं. ते आमच्या रस्त्यापासून सहा किलोमीटर आत आहे. हे मला रात्री साडेनऊला सुचलं.

संध्याकाळी ५:५० — ६ तास ३० मिनिटं

दादा आला, हातपाय धुऊन ताईसमोर बसला. चहा झाला. वहिनीने ओटी भरली. ताईने तांदळाचे चार दाणे पदराच्या टोकाला बांधले. हातावर दही-साखर.

संध्याकाळी ६:२५ — ५ तास ५५ मिनिटं

निघालो. नकाशा म्हणाला, ११:०५. म्हणजे अजून सव्वा तास हाताशी. मी ताईला म्हटलं, “वेळ आहे.”

तो शब्द मी आता वापरत नाही. नकाशा गाडी टर्मिनलच्या दारात कधी पोचेल ते सांगतो. पुढे ट्रॉली शोधणं, दारावर तिकीट आणि पासपोर्ट दाखवणं, योग्य रांग सापडणं, याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. आणि नकाशा सांगतो ते या क्षणाच्या वाहतुकीवरून. चार तासांनी भिवंडीत काय असेल, हे तो तितकं नेमकं सांगू शकत नाही.

संध्याकाळी ७:३५ — ४ तास ४५ मिनिटं

निमाणी, पंचवटी, मग द्वारका चौक. रविवारची संध्याकाळ. द्वारकेला पंचवीस मिनिटं गेली. नकाशा: ११:२५.

रात्री ८:३० — ३ तास ५० मिनिटं

घोटी टोलनाका. सिन्नरकडून येणारा रस्ता इथे महामार्गाला मिळतो, त्यामुळे तेव्हा रविवारी रात्री शिर्डीहून परतणारी मुंबई इथेच भेटायची. त्र्यंबकेश्वरची गर्दी, गंगापूर धरणाकाठी आणि इगतपुरीच्या रिसॉर्टवर सुट्टी घालवलेली मंडळी, सगळ्यांना सोमवारी कामावर जायचं असतं. द्राक्षाच्या हंगामात ही गर्दी आणखी वाढते. आमच्याच पिकापायी आलेली ही गर्दी रविवार निवडताना मी विसरलो होतो. नकाशा: ११:४०.

रात्री ९:०० — ३ तास २० मिनिटं

घाटनदेवीपाशी ताईने गाडीतूनच हात जोडले. दोन वळणं उतरलो आणि सगळे लाल दिवे एकदम पेटले.

उतरणीच्या एका वळणावर कंटेनर बंद पडला होता. कसारा घाटात अडकलं की अडकलं. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, मागे फिरायला जागा नाही, बाजूला गल्ली नाही. इंजिन बंद केलं. खाली दरीत रेल्वेचे दिवे हलत होते. या घाटाचा लोहमार्ग १८६५ पासूनचा, चढ एकास सदतीस. वर येणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून जादा इंजिनं जोडतात, ती ढकलत आणतात. मागच्या त्या इंजिनांचा दमदार आवाज आम्हाला वरपर्यंत ऐकू येत होता. ताई काच खाली करून ऐकत बसली. म्हणाली, “आबा या गाडीने मुंबईहून परत आणायचे तेव्हा मी आवाज मोजायची. एक इंजिन पुढे, बाकीची मागे.” त्या पंचावन्न मिनिटांत तिने एकदाही किती वाजले विचारलं नाही. मी मात्र दर मिनिटाला बघत होतो.

रात्री ९:५५ — २ तास २५ मिनिटं

क्रेन आली, रस्ता सुटला. नकाशा: १२:१०. खर्डी, आटगाव, शहापूर, आसनगाव. रस्ता मोकळा होता आणि मी नेहमीपेक्षा वेगात होतो. ताई एकदाच म्हणाली, “हळू.” मी वेग कमी केला.

रात्री १०:५५ — १ तास २५ मिनिटं

पडघा. पुढे वडपे ते ठाणे हा पट्टा, तेव्हा रुंदीकरणासाठी जागोजागी खणलेला. मला वाटायचं, जितका उशीर तितका रस्ता रिकामा. मुंबईच्या या तोंडाशी उलटं आहे. दिवसा अडवून ठेवलेली अवजड वाहनं तेव्हा रात्री दहानंतर ठाण्यात सोडायचे. भिवंडीच्या गोदामांतले ट्रक आणि बंदराकडे जाणारे कंटेनर त्याच वेळी रस्त्यावर यायचे. आम्ही नेमके त्यांच्या वेळेला पोचलो.

समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा भाग ५ जून २०२५ ला खुला झाला. घाट आता बोगद्यातून टळतो, आणि हा रस्ता तेव्हा असता तर तो कंटेनर आम्हाला भेटलाच नसता. पण आमण्याला उतरून विमानतळाकडे जायचं तर वडप्याला याच रस्त्यावर यावं लागतं. म्हणून आज कुणी विचारलं तर मी सांगतो: घाट सोडा, वडपे किती वाजता गाठणार ते आधी ठरवा, आणि रात्री दहाच्या आत माजिवडा ओलांडा.

रात्री ११:३० — ५० मिनिटं

रांजनोली. दोन्ही बाजूंना ट्रकची चाकं, आमच्या खिडकीपेक्षा उंच. नकाशा: १२:३५. ताईने पहिल्यांदा विचारलं, “नाही ना मिळणार?”

मी म्हटलं, बोर्डिंग पास मोबाइलवर आहे, बॅग सोडून फक्त तू आत गेलीस तर? ती लगेच म्हणाली, “सोड बॅग.” दुपारी ज्या लाडवांसाठी तिने स्वतःच्या साड्या काढून ठेवल्या होत्या, ती बॅग. मी पास उघडला. खाली एक ओळ होती: कागदपत्रं काउंटरवर दाखवावीत. व्हिसा तपासून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं, आणि तेही काउंटर १२:२० लाच बंद.

रात्री ११:५८ — २२ मिनिटं

माजिवडा. इथून सहार पंचवीस किलोमीटर.

रात्री १२:२० — शून्य

पवई तलावाच्या कडेला, मेट्रोच्या पत्र्यांमधून. गाडीतल्या घड्याळात आकडा बदलताना आम्ही दोघांनी पाहिला. कुणी बोललं नाही. मी गाडी चालवत राहिलो.

रात्री १२:४१

टर्मिनल २, चौथा मजला. दारावरच्या जवानाने तिकीट पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि ताईला लगेच आत सोडलं. मला पुढे जाता येत नव्हतं. काचेतून दिसत होतं: ताई एकसष्ट वर्षांची, साडीचा घोळ एका हाताने उचलून, दुसऱ्या हाताने ट्रॉली ढकलत धावत होती. काउंटरवरचे पडदे विझले होते. एक मुलगी टेबल आवरत होती. तिने ताईचा पासपोर्ट हातात घेतला, कुणाला तरी फोन केला, बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. मग टेबलामागून बाहेर येऊन तिने ताईला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.

पहाटे १:२०

ताई बाहेर आली होती. दुसऱ्या रात्रीची जागा मिळाली होती. आम्ही बाकावर बसलो होतो, तिच्या बोटांत पदराची ती गाठ होती. म्युनिकमध्ये रात्रीचे नऊ वाजायला दहा मिनिटं कमी होती. तिचा फोन वाजला.

“आई, बसलीस का गं विमानात?”

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग फोन दुसऱ्या कानाला लावला आणि म्हणाली, “अगं, मी उद्या येते. तू झोप आता.”