ज्यूसंहार आणि मुंबईचा पडदा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी राजवटीने युरोपातील सुमारे ६० लाख ज्यूंची पद्धतशीर हत्या केली. ‘होलोकॉस्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संहाराला सामोऱ्या गेलेल्या चित्रपटांच्या इतिहासात मुंबईचा उल्लेख सहसा येत नाही. वास्तविक या संहाराची पायाभरणी होत असतानाच नाझी पक्षाचा एक सदस्य आणि त्या पक्षाच्या छळामुळे परागंदा झालेले ज्यू कलावंत, असे दोघेही मुंबईत वावरत होते.

हिमांशु रॉय यांनी १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज उभारली, तेव्हा म्युनिकचे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायालेखक योझेफ विर्शिंग त्यांच्या साथीला होते. ऑस्टेन १९३६ मध्ये नाझी पक्षाचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी त्यांनी दिग्दर्शित केलेला ‘अछूत कन्या’ पडद्यावर आला. निरंजन पाल यांच्या या कथेत रेल्वे फाटक सांभाळणाऱ्या अस्पृश्य माणसाची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण तरुण प्रताप यांचे लग्न जातीमुळे होऊ शकत नाही, आणि शेवटी प्रताप व आपला नवरा यांच्यातील मारामारी थांबवू पाहणारी कस्तुरी गाडीखाली जीव गमावते. त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर १९३५ मध्ये, जर्मनीत न्यूरेंबर्ग कायदे झाले होते, ज्यांनी ज्यूंचे नागरिकत्व हिरावले आणि ज्यू व जर्मन यांच्यातील विवाह गुन्हा ठरवला. जन्मावरून माणसाला विवाह नाकारणारी रूढी मालाडच्या पडद्यावर करुण ठरत होती, आणि तसाच निषेध कायद्यात उतरवणाऱ्या पक्षात त्या चित्रपटाचा दिग्दर्शक सामील होत होता. ऑस्टेन यांना हिंदी येत नव्हते, परंतु या विसंगतीचा उलगडा त्याने होत नाही, कारण कथानकाचा आशय भाषेवाचूनही कळण्याजोगा आहे. चांगला चित्रपट घडवणाऱ्या हातांची नैतिक दृष्टी चांगली असेलच, हे गृहीत येथे मोडून पडते.

याच शहरात परागंदा ज्यू कलावंतांपैकी कार्ल्सबादचे संगीतकार वॉल्टर कॉफमन १९३४ पासून राहत होते. आकाशवाणीची परिचित ओळखधून त्यांचीच मानली जाते. पाब्स्ट या ऑस्ट्रियन दिग्दर्शकासाठी पटकथा लिहिलेले विली हासही १९३९ मध्ये येथे पोहोचले आणि मोहन भवनानी यांच्या चित्रसंस्थेसाठी लिहू लागले. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटताच ब्रिटिश सरकारने जर्मन नागरिकांना ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून ताब्यात घेऊन अहमदनगरच्या छावणीत ठेवण्यास सुरुवात केली, आणि या सरसकट धरपकडीत नाझी समर्थकांबरोबर नाझींपासून पळून आलेले अनेक ज्यूही सापडले, ज्यांची सुटका चौकशीनंतर झाली. ‘कंगन’ या चित्रपटाचे काम चालू असतानाच अटक झालेले ऑस्टेन पुढे जर्मनीला परतले.

युद्धानंतर युरोपात संहाराचे चित्रीकरण न्यायालयात पोहोचले: २९ नोव्हेंबर १९४५ रोजी न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी छावण्यांची दृश्ये आरोपींसमोर दाखवण्यात आली. अलँ रेने यांच्या १९५५ च्या माहितीपटातील एका छायाचित्रात पहाऱ्यावरचा फ्रेंच पोलीस दिसत होता, म्हणून फ्रेंच सेन्सॉरने त्याची टोपी झाकायला लावली. स्वतःच्या सहभागाची खूण पुसण्याची घाई किती असते, हे त्या टोपीवरून कळते. क्लोद लान्झमान यांनी नऊ तासांहून दीर्घ ‘शोआ’ (१९८५) मध्ये जुनी चित्रफीत वापरलीच नाही. त्रेब्लिंका छावणीत मरणाच्या दारातील स्त्रियांचे केस कापावे लागलेले अब्राहम बोंबा त्यात एका केशकर्तनालयात गिऱ्हाइकाचे केस कापता कापता बोलतात, मध्येच त्यांना शब्द फुटेनासा होतो, तरीही कॅमेरा चालूच राहतो. हे क्रूर वाटते. परंतु दुःखाला शोभिवंत करण्यापेक्षा ते अधिक प्रामाणिक आहे.

हिंदी चित्रपट मात्र या विषयाकडे फार उशिरा आणि उथळपणे वळला. २०२३ मध्ये थेट ओटीटीवर आलेल्या ‘बवाल’ने एका जोडप्याच्या बेबनावाला पोलंडमधील ऑश्विट्झ छावणीची उपमा दिली, आणि ज्यूंच्या स्मृतीसाठी काम करणाऱ्या सायमन विझेन्थाल सेंटरने तो काढून टाकण्याची मागणी केली. मागणीच्या योग्यतेबद्दल मतभेद होऊ शकतात, उपमेच्या हीनतेबद्दल नाही. आणि या विषयासाठी पोलंड गाठण्याआधी मालाडचा स्टुडिओ व अहमदनगरची छावणी ही दोन ठिकाणे हिंदी पटकथाकाराच्या अगदी हाताशी होती.