परत येणाऱ्या दोन टक्क्यांचा इतिहास

किराणा दुकानाच्या गल्ल्यामागे लावलेली ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेली असते. तिच्यामागचा विचार सरळ आहे. उधारीला किंमत असते, आणि ती कोणाला तरी मोजावी लागते. अमेरिकेत आज सर्रास दिसणारे एक क्रेडिट कार्ड मात्र ही पाटी उलटी करते. ते घ्यायला वार्षिक वर्गणी नाही. महिनाभर उधारीवर खरेदी करा, वेळेवर बिल भरा, व्याज शून्य. आणि शिवाय खरेदी किराणाची असो की पेट्रोलची, सरसकट दोन टक्के रोख परत. उधार घेणाऱ्यालाच वर पैसे देणारा हा सावकार कोण, आणि त्याला हे परवडते कसे? हा प्रश्न मला अर्थशास्त्रापेक्षा इतिहासाचा वाटतो. या कार्डाची तीन वैशिष्ट्ये, म्हणजे वर्गणी नसणे, रोख परतावा आणि सरसकट दर, एकाच वेळी जन्मलेली नाहीत. प्रत्येकामागे एक वेगळा झगडा आहे.

गिऱ्हाइकाला काहीतरी परत देण्याची कल्पना कार्डापेक्षा जुनी आहे. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्पेरी अँड हचिन्सन’ या अमेरिकन कंपनीची हिरवी तिकिटे दुकानदार विकत घेत आणि खरेदीच्या प्रमाणात गिऱ्हाइकांना वाटत. गृहिणी ती वहीत चिकटवत आणि वह्या भरल्या की त्यांच्या बदल्यात भांडी, दिवे, घरातल्या वस्तू आणत. तिकिटांचा खर्च दुकानदार करी, म्हणजे अखेर तो मालाच्या किमतीत मिसळे. तिकिटे न घेणाराही तीच किंमत मोजत असे. पुढच्या सगळ्या कथेचे बीज इथे आहे.

१९५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘डायनर्स क्लब’ सुरू झाला. त्याने दुहेरी उत्पन्न शोधले. सभासदांकडून लहानशी वार्षिक वर्गणी आणि उपाहारगृहांकडून बिलाच्या सात टक्के. हुंडी वटवताना सराफ हुंडणावळ कापून घेई, तसाच हा प्रकार होता. पैसे पोचवणाऱ्याचा वाटा मधल्यामधे निघत असे. १९५८ मध्ये ‘बँक ऑफ अमेरिका’ने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात सुमारे साठ हजार लोकांना, त्यांनी न मागताच, कार्डे पोस्टाने पाठवली. या कार्डावर उधारी महिनोन्महिने पुढे ढकलता येत होती. अशा रीतीने व्याज हा उत्पन्नाचा तिसरा झरा सुरू झाला. वर्गणी, दुकानदाराकडची कापणी आणि व्याज या तीन झऱ्यांपैकी कोणता आटवायचा नि कोणता वाढवायचा, यातच पुढची साठ वर्षे गेली.

वर्गणीचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला. मिनेसोटा राज्यात व्याजावर बारा टक्क्यांची मर्यादा होती, पण कार्डावर वार्षिक वर्गणी घ्यायला कायद्याची परवानगी होती. तिथली ‘मार्क्वेट नॅशनल बँक’ दहा डॉलर वर्गणी घेई. नेब्रास्का राज्यातली ‘फर्स्ट ऑफ ओमाहा’ बँक मिनेसोटातल्याच लोकांना विनावर्गणी कार्ड देऊ लागली, कारण तिच्या राज्यात हजार डॉलरच्या आतील थकबाकीवर अठरा टक्के व्याज चालत होते. गिऱ्हाईक तिकडे वळू लागल्याची मार्क्वेटची तक्रार होती. डिसेंबर १९७८ मध्ये न्यायालयाने एकमताने ओमाहाच्या बाजूने निकाल दिला. राष्ट्रीय बँकेला ती ज्या राज्यात आहे तिथला व्याजदर देशभर लावता येईल, असे ठरले.

हा निकाल सहसा व्याजमर्यादा मोडीत काढणारा म्हणून सांगितला जातो, आणि ते खरेच आहे. साउथ डकोटाने आपली मर्यादा काढून टाकली आणि १९८१ मध्ये ‘सिटीबँके’ने आपला कार्डांचा कारभार त्या राज्यातल्या सू फॉल्सला हलवला. मला मात्र त्या खटल्यात दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. ‘वर्गणी नाही’ याचा अर्थ ‘खर्च नाही’ असा कधीच नव्हता. वर्गणी सगळ्यांकडून सारखी घेतली जाते, तर व्याज फक्त थकबाकीदाराकडून. वर्गणी गेली तेव्हा खर्चाचा भार थकणाऱ्यांच्या डोक्यावर गेला, इतकेच.

लगेच मात्र उलटे घडले. १९८० च्या मार्च महिन्यात महागाई आवरण्यासाठी कार्टर सरकारने कर्जवाटपावर निर्बंध आणले आणि अनेक बँकांनी कार्डांवर वार्षिक वर्गणी बसवली. निर्बंध काही महिन्यांत उठले, वर्गणी मात्र राहिली. ही कोंडी बँकेने नव्हे, तर एका दुकानदाराने फोडली. ‘सिअर्स’ या प्रचंड दुकानसाखळीने १९८५-८६ मध्ये ‘डिस्कव्हर’ कार्ड आणले. त्याला वर्गणी नव्हती आणि वर्षाच्या खरेदीनुसार जास्तीत जास्त एक टक्का रोख परत मिळे. वहीत चिकटवायच्या तिकिटांची जागा आता डॉलरनी घेतली. १९९० मध्ये दूरध्वनी कंपनी ‘एटी अँड टी’ने पहिल्या वर्षात कार्ड घेणाऱ्यांना जन्मभर वर्गणी माफ केली. बाहेरच्यांनी असा रेटा दिल्यावर बँकांनाही वर्गणी सोडणे भाग पडत गेले.

तिसरे वैशिष्ट्य, सरसकट दर, सर्वांत शेवटी आले. दर तीन महिन्यांनी बदलणारे पाच टक्क्यांचे गट, त्यांवरच्या मर्यादा, आधी करावी लागणारी नोंदणी यांनी गिऱ्हाईक कंटाळले होते. ‘कॅपिटल वन’ने २०१३ मध्ये सर्व खरेदीवर दीड टक्का देऊ केला. २०१४ मध्ये ‘सिटी’ने खरेदी करताना एक आणि बिल भरताना एक, असे दोन टक्के दिले. २०२१ मध्ये ‘वेल्स फार्गो’चे सरळ दोन टक्क्यांचे कार्ड आले.

हे दोन टक्के येतात कुठून? दुकानदाराच्या बिलातून कापलेल्या रकमेचा मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. त्याला इंटरचेंज म्हणतात. त्यातून दोन टक्के परत दिल्यावर बँकेच्या हाती फारसे उरत नाही, म्हणून थकबाकीवरचे व्याज हा तिचा खरा भरवसा, असे माझे मत आहे. परतावा इंटरचेंजवर किती अवलंबून असतो, हे कायद्याने कात्री लावली की दिसते. २०११ पासून अमेरिकेत मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डांवरचे इंटरचेंज सुमारे एकवीस सेंट अधिक ०.०५ टक्के इतके मर्यादित झाले, आणि डेबिट कार्डांवरच्या बक्षिसांच्या बहुतेक योजना गुंडाळल्या गेल्या. क्रेडिट कार्डांना ही मर्यादा लागू नव्हती. युरोपीय संघाने २०१५ मध्ये क्रेडिट कार्डांवर ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली. तिथे सरसकट दोन टक्क्यांना जागाच उरत नाही. आपल्याकडे जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून घ्यायचे शुल्क शून्य आहे. भाजीवालीच्या क्यूआर कोडवर पैसे पाठवल्यावर टक्केवारीने काही परत येत नाही, कारण तिच्याकडून काही कापलेलेच नसते.

बोस्टन फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये याचा हिशेब मांडला. दुकानात किंमत सर्वांना एकच असल्याने रोखीने जगणारे घर वर्षाला सरासरी १४९ डॉलर कार्डवाल्यांच्या पदरात टाकते, आणि कार्ड वापरणाऱ्या घराला सरासरी १,१३३ डॉलर मिळतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. आकड्यांवर वाद झाले. पण ओघ कोणत्या दिशेला आहे हे तिकिटांच्या वह्यांपासूनच स्पष्ट होते.

मग हे कार्ड घ्यावे का? अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसालाही या प्रश्नाचे उत्तर साध्या अंकगणितात मिळते. महिन्याला पंधराशे डॉलर खर्च असेल, तर दोन टक्क्यांनी वर्षाला ३६० डॉलर परत येतात. तीन टक्के देणारे पण ९५ डॉलर वर्गणीचे कार्ड यापेक्षा सरस ठरायला त्या वाढीव दराची खरेदी वर्षाला साडेनऊ हजार डॉलरच्या वर जावी लागते. दुसरीकडे, दोन हजार डॉलरची थकबाकी वर्षभर एकवीस टक्क्यांनी राहिली, तर व्याज ४२० डॉलर होते आणि सगळा परतावा बुडून वर साठ डॉलर खिशातून जातात. २०२३ पासून तिथले सरासरी दर वीस टक्क्यांच्या वरच आहेत. आणखी एक कलम आपल्या लोकांनी विशेष पाहावे. अशा अनेक विनावर्गणी कार्डांवर परदेशातल्या खरेदीला तीन टक्के शुल्क असते. दिवाळीला पुण्यात येऊन लक्ष्मी रोडवर ते कार्ड चालवले, तर दोन मिळतात नि तीन जातात. १९८८ च्या कायद्याने हे सारे आकडे एका चौकटीत छापणे बंधनकारक झाले आहे. जाहिरातीआधी ती चौकट वाचावी.

बिल दरमहा पूर्ण भरणाऱ्याने हे कार्ड घेण्यात मला काही गैर वाटत नाही. किंमत त्याच्याकडून आधीच वसूल झालेली असते. तो आपला वाटा परत घेतो. पण ते पैसे बँकेचे औदार्य नव्हेत. त्यात दुकानदाराची कापणी आहे, रांगेत पुढे उभे राहून रोख नोटा मोजणाऱ्याचे काही सेंट आहेत आणि या महिन्यात बिल भरू न शकलेल्या कुणाचे तरी व्याजही आहे. किराणा दुकानातल्या पाटीने उधारीची किंमत निदान लपवली तरी नव्हती.