डोंगर कापण्याचा परवाना

घर बांधावयाचें तर नगरपालिकेचा परवाना लागतो, ही गोष्ट शहरांत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या परिचयाची आहे. भिंती किती जाड असाव्यात, खिडक्या कोठें ठेवाव्यात, शेजाऱ्याच्या हद्दीपासून किती जागा मोकळी सोडावी, याविषयींच्या नियमांचें आपणांस आतां नवल वाटत नाहीं. परंतु घराची पहिली वीट बसण्यापूर्वीं जें घडतें, म्हणजे टेकडीची बाजू कापणें, निघालेली माती खालच्या अंगास लोटून सपाटी करणें, आणि ती माती घसरूं नये म्हणून तिच्यापुढें एक आधाराची भिंत उभी करणें, हें काम फार दिवस मालकाच्या मर्जीचें समजलें जात होतें. आपल्या मालकीची माती आपण इकडून तिकडे हलविली तर त्यांत सरकारास विचारावयाचें काय, असा प्रश्न कोणासहि सहज सुचेल. या प्रश्नास कायद्याच्या भाषेंत उत्तर देण्याचा पहिला मान अमेरिकेंत लॉस एंजल्स शहराकडे जातो. तें उत्तर काय होतें यापेक्षां तें मिळावयास इतका वेळ कां लागला, हेंच मला अधिक विचार करण्याजोगें वाटतें.

शेजाऱ्याच्या मातीविषयीं कायदा अगदींच मुका होता असें नाहीं. जमिनीस तिच्या नैसर्गिक स्थितींत बाजूच्या व खालच्या जमिनीचा जो आधार मिळतो, तो काढून घेण्याचा शेजाऱ्यास अधिकार नाहीं, हें तत्त्व इंग्लंडांतील न्यायालयांनीं पूर्वींच मान्य केलें होतें. आपल्याकडे तें १८८२ च्या ईझमेंट्सच्या कायद्यांत सातव्या कलमाच्या एका उदाहरणाच्या रूपानें आलें, आणि तो कायदा १८९१ मध्यें मुंबई इलाख्यास लागू झाला. कॅलिफोर्नियाच्या १८७२ च्या दिवाणी संहितेंतहि याच वंशांतलें कलम आहे. म्हणजे पुण्याचा वकील आणि लॉस एंजल्सचा वकील या बाबतींत एकाच घराण्याचे वारस होत. पण या तत्त्वास दोन मोठ्या मर्यादा होत्या. एक तर तें मोकळ्या जमिनीचें रक्षण करी; तिच्यावर बांधलेल्या घराच्या वजनास आधार मागावयाचा तर निराळा हक्क सिद्ध करावा लागे, आणि इंग्लंडांत त्यासाठीं वीस वर्षांचा उपभोग पुरेसा आहे असा निर्णय होण्यास १८८१ साल उजाडलें. दुसरी मर्यादा अधिक बोचणारी आहे. नुकसान झाल्यावांचून फिर्याद उभी राहत नाहीं. ज्याचें घर खालीं आलें त्यानें ढिगाऱ्यांतून बाहेर पडून न्यायालयाची पायरी चढावयाची, आणि तोंवर डोंगर कापणारा आपले भूखंड विकून मोकळा झालेला असावयाचा.

लॉस एंजल्सची भूमि अशा प्रकारांस विशेष अनुकूल आहे. सांता मोनिका नांवाची डोंगरांची रांग शहराच्या मधूनच जाते, आणि तींतील पुष्कळसा खडक ठिसूळ, पापुद्र्यापापुद्र्यांचा आहे. पाऊस सरासरीनें पुण्याच्या निम्म्याच्या आसपास. तोहि बहुतेक हिवाळ्यांत पडतो, आणि एखाद्या वर्षीं अगदीं थोडा तर एखाद्या वर्षीं चार दिवसांत चार महिन्यांचा. अशा प्रदेशांत कांहीं कोरडीं वर्षें गेलीं म्हणजे माणसास उतारावरची माती स्थिर आहे असें वाटूं लागतें. आपल्या कोंकणांतल्या शेतकऱ्याची अशी समजूत एका मृगानंतर टिकत नाहीं!

आतां वेळाविषयीं. मातीचें शास्त्र या शहरास ठाऊक नव्हतें म्हणून कायदा उशिरा आला, असें कोणी म्हणेल तर तें खरें नाहीं. १२ मार्च १९२८ च्या मध्यरात्रीच्या सुमारास शहराच्या पाणीपुरवठ्यासाठीं बांधलेलें सेंट फ्रान्सिस धरण फुटलें व चारशेंहून अधिक माणसें वाहून गेलीं. विल्यम मुलहॉलंड या नामांकित मुख्य इंजिनियरानें त्याच दिवशीं धरणाची पाहणी करून तें सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला होता. धरणाचें काँक्रीट नव्हे, तर तें ज्या डोंगराच्या कुशीस टेकलें होतें ती बाजू दगा देणारी निघाली. चौकशीच्या पंचांनीं असें मत दिलें कीं, एवढें मोठें काम एका माणसाच्या, मग तो कितीहि थोर असो, केवळ त्याच्याच निर्णयावर सोपवूं नये. लगेच १९२९ मध्यें कॅलिफोर्नियानें धरणें राज्याच्या देखरेखीखालीं आणलीं.

त्याच पाणीखात्यांत राल्फ प्रॉक्टर नांवाचा एक इंजिनियर होता. मातीचा बांध घालतांना ती किती घट्ट बसली आहे हें डोळ्यांनीं न ठरवितां मोजून कसें ठरवावें, याची पद्धति त्यानें १९३३ मध्यें प्रसिद्ध केली. तिचें मर्म घरांतली जमीन करणाऱ्या जुन्या बायकांस समजावून सांगावें लागणार नाहीं. कोरडी माती धुमसली तर ती फुटून उडते. फार ओली धुमसली तर चिखल होऊन हलते. मधल्या एका ओलाव्याला ती सर्वांत घट्ट बसते. प्रॉक्टरनें हा ओलावा प्रत्येक मातीसाठीं लहानशा साच्यांत, थर घालून, ठराविक ठोके देऊन शोधून काढला, आणि त्या वेळची घनता हें माप मानलें. प्रत्यक्ष भराव त्या मापाच्या अमुक टक्के घट्ट असला पाहिजे, अशी अट घालणें तेव्हांपासून शक्य झालें. आज जगभर ही चाचणी प्रॉक्टरच्या नांवानेंच ओळखिली जाते. ती निघाली लॉस एंजल्सच्या नगरपालिकेच्या एका खात्यांत. आणि त्याच नगरपालिकेनें घराखालच्या भरावास तसें माप लावावयास १९५२ साल उजाडावें लागलें! धरण फुटलें तर शेंकडों माणसें मरतात, म्हणून धरणाची माती मोजावयाची. घराची माती सरकली तर एकच कुटुंब उघड्यावर पडतें, म्हणून ती मालकावर सोडावयाची, असा हिशेब कोणी बोलून दाखविला नसेल, परंतु व्यवहार त्याच हिशेबानें चालला होता.

मधल्या काळांत महायुद्ध झालें. रणांगणावर विमानांच्या धांवपट्ट्या आठवड्यांत तयार करणारीं यंत्रें युद्ध संपतांच घरबांधणीच्या कामीं लागलीं. बुलडोझरनें डोंगराचा माथा उडवून, निघालेली माती झुडुपांसकट उताराखालीं लोटून, एकावर एक पायऱ्यांसारखे भूखंड करण्यास आतां मजुरांचा तांडा लागत नसे. पूर्वीं डोंगर कापणें महाग होतें आणि तो महागपणाच एक प्रकारचा कायदा होता, असें म्हटलें तर वावगें होणार नाहीं. तो अडसर निघाला. मग जानेवारी १९५२ मधील मुसळधार पाऊस आला, भराव सुटले, भिंती कोसळल्या, आणि वरच्या घराची माती खालच्या घराच्या दिवाणखान्यांत जाऊन बसली. त्याच वर्षीं नगरसभेनें जमीन कापण्या-भरण्यासंबंधींचा नियम मंजूर केला. अमेरिकेंतील या प्रकारचा तो पहिला नियम समजला जातो. यापुढें डोंगरी भागांत माती हलविण्यापूर्वीं नकाशा दाखवून परवाना घ्यावयाचा, कापाचा उतार मर्यादेपेक्षां उभा ठेवावयाचा नाहीं, भराव थराथरानें घट्ट बसवावयाचा, पाण्याची वाट करून द्यावयाची, आणि नगरपालिकेच्या तपासनीसानें काम पाहावयाचें.

पाण्याच्या वाटेविषयीं येथें थोडें थांबलें पाहिजे. आधाराची भिंत मातीच्या वजनानें पडते अशी सामान्य समजूत आहे. पुष्कळदां ती पाण्यानें पडते. तीन मीटर उंचीच्या भिंतीमागें साधी कोरडी वाळूमिश्र माती असेल तर एक मीटर लांबीवर सुमारें पावणेतीन टनांचा रेटा येतो. तीच माती माथ्यापर्यंत पाण्यानें भरली आणि पाण्यास बाहेर पडावयास वाट नसली, म्हणजे एकट्या पाण्याचाच रेटा साडेचार टन होतो. भिजलेल्या मातीचा स्वतःचा रेटा कांहींसा कमी होतो हें खरें, पण दोन्ही मिळून सहा टनांच्या घरांत जातात. म्हणजे उन्हाळ्यांत जी भिंत भक्कम दिसली, तिच्यावर पावसांत दुपटीहून अधिक भार पडतो, आणि बाहेरून पाहणारास तिच्यांत तिळमात्र फरक दिसत नाहीं. भिंतीच्या पायथ्याशीं ठेवलेलीं भोंकें व तिच्यामागचा खडीचा थर यांचा खर्च फारसा नाहीं. पण तीं घर घेणाऱ्यास दिसत नाहींत, त्यांनीं घराची शोभा वाढत नाहीं, आणि म्हणूनच तीं वगळण्याचा मोह बांधणाऱ्यास होतो. भिंत पुरी झाल्यावर तिच्यामागें काय आहे हें कोणास कळावयाचें? तपासनीस यावयास हवा तो भिंत अर्धी असतांना. आणि अर्ध्या भिंतीपाशीं त्यास बोलावणें मालकावर बंधनकारक करावयाचें, तर परवान्यावांचून दुसरें साधन नाहीं.

पहिला नियम पुरा पडला नाहीं. तपासनीसास माती किती घट्ट आहे तें समजे. परंतु त्या मातीखालच्या खडकाचे थर कोणत्या दिशेस कलले आहेत, तें त्याच्या विद्येबाहेरचें होतें. थर डोंगराच्या आंत कलले असतील तर काप पुष्कळ उभा ठेवला तरी चालतो. ते बाहेर, दरीकडे कलले असतील तर तोच काप म्हणजे पत्त्यांच्या तिरप्या जुडीच्या खालचीं पानें काढून घेण्यासारखें आहे. यासाठीं १९६३ मध्यें नवा नियम झाला, आणि त्यानें मृदातज्ज्ञ व भूगर्भशास्त्रज्ञ या दोघांसहि आराखड्यापासून काम संपेपर्यंत त्यांत गोवलें.

पुढें १९६९ च्या जानेवारी-फेब्रुवारींत पुन्हां भयंकर पाऊस झाला. त्यानंतर जेम्स स्लॉसन या भूगर्भशास्त्रज्ञानें शहरांतील डोंगरी भूखंडांचा हिशेब मांडला. १९५२ पूर्वींच्या सुमारें १०,००० भूखंडांपैकीं १,०४० ठिकाणीं नुकसान झालें होतें. १९५२ ते १९६२ या काळांतील २७,००० पैकीं ३५० ठिकाणीं. आणि १९६३ नंतरच्या ११,००० पैकीं अवघ्या १७ ठिकाणीं. शेंकडा दहा, मग शेंकडा सव्वा, मग हजारीं दीड. जुन्या भूखंडांनीं अधिक पावसाळे सोसलेले होते, तेव्हां तुलना सर्वस्वीं सारखी नाहीं, असा आक्षेप सावध वाचक घेईल, व तो रास्त आहे. तरी नव्या भूखंडांची परीक्षा ज्या हिवाळ्यांत झाली तो सौम्य नव्हता. इतिहासाच्या अध्यापकास कायद्याचा परिणाम इतक्या स्पष्ट आंकड्यांत पाहावयास क्वचितच मिळतो.

परंतु शहराच्या या यशाशेजारींच, दक्षिणेस समुद्राकांठीं पालोस वेर्देस नांवाच्या टेकड्यांत, एक निराळीच कथा घडत होती. आणि ती सांगितल्यावांचून हा इतिहास एकांगी होईल. तेथील पोर्तुगीज बेंड या भागांत फार प्राचीन काळीं डोंगराची एक प्रचंड बाजू खचलेली होती. अमेरिकेच्या भूगर्भ-पाहणी खात्यानें १९४६ मध्यें छापलेल्या नकाशांत ती स्पष्ट दाखविलेली आहे. तरी तीवर घरें झालीं, त्यांच्या सांडपाण्याचे खड्डे जमिनींत मुरूं लागले, आणि १९५६ मध्यें लॉस एंजल्स परगण्याच्या सरकारनें क्रेनशॉ रस्ता वाढवितांना हजारों टन माती नेमकी त्या जुन्या खचलेल्या भागाच्या माथ्यावर टाकली. त्याच वर्षीं डोंगर पुन्हां चालूं लागला. शंभराहून अधिक घरें गेलीं.

येथें माती टाकणारा मालक नव्हता. ज्यानें मालकांस परवाने द्यावयाचे तें स्थानिक सरकारच होतें. घरमालकांनीं फिर्याद केली. परगण्याच्या इंजिनियरांनीं हयगय केली असें सिद्ध झालें नाहीं. कायद्याच्या जुन्या रीतीनें पाहतां फिर्याद तेथेंच संपावयाची. परंतु १९६५ मध्यें कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, सार्वजनिक काम जसें योजिलें तसेंच केल्यामुळें कोणाच्या मालमत्तेचें प्रत्यक्ष नुकसान झालें, तर दोष असो वा नसो, तें पूर्वीं दिसणारें असो वा नसो, त्याचा भार सर्व जनतेनें उचलावा. तो एकट्या घरमालकावर टाकूं नये. परगण्यावर त्रेपन्न लाख डॉलरांहून अधिक बोजा पडला. परवाना मागण्याचा अधिकार ज्या हातीं आहे तो हात स्वतः कुदळ उचलतो तेव्हां त्याचा तपासनीस कोण, या प्रश्नाचें याहून सरळ उत्तर मला तरी आढळलेलें नाहीं. आपल्याकडे २ जुलै २०१९ च्या पहाटे मालाडच्या डोंगरावर मुंबई महानगरपालिकेच्या जलाशयाभोंवतालची भिंत खालच्या झोपड्यांवर कोसळून सुमारें तीस माणसें मेलीं, त्या वेळीं मला या खटल्याची आठवण झाली. त्या झोपड्यांजवळ परवाना नव्हता हें अनेकांनीं तत्परतेनें सांगितलें. भिंत मात्र सरकारी होती.

पोर्तुगीज बेंडचा डोंगर त्यानंतर कधीं पुरता थांबलाच नाहीं. १९७३ मध्यें त्या भागाची रँचो पालोस वेर्देस या नांवाची स्वतंत्र नगरपालिका झाली, आणि १९७८ मध्यें तिनें खचत्या भागांत नव्या बांधकामास बंदी घातली. मुरणारें पाणी उपसून काढण्यासाठीं विहिरी खोदल्या गेल्या. २०२३ च्या जबर पावसानंतर चाल पुन्हां वाढली. २०२४ मध्यें अनेक घरांचा गॅस व वीज तोडावी लागली, आणि तेथील १९५१ पासूनचें, सर्व बाजूंनीं कांचेचें असें वेफेअरर्स चॅपल नांवाचें प्रार्थनामंदिर मोडण्यापूर्वींच भाग भाग सुटे करून उचलून ठेवावें लागलें. तें पुन्हां उभें करावयाचें आहे. त्यासाठीं न हलणाऱ्या जमिनीचा शोध तेव्हांपासूनच सुरू झाला.