गोविंदभाई श्रॉफ आणि शैक्षणिक समतेचा कायदा

हैदराबाद संस्थानातील मराठवाड्यात शिक्षणाच्या विषमतेला दोन बाजू होत्या. सरकारी हायस्कुलांत उर्दू हे माध्यम असल्याने मराठी मुलाची वाट प्राथमिक शाळेनंतर बिकट होई. आणि औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजपुढे शिकावयाचे तर हैदराबाद किंवा त्याहून दूरचे शहर गाठावे लागे. गोविंदभाई श्रॉफ (१९११–२००२) यांनी कलकत्त्यास जाऊन गणिताची एम. एस्‌सी. व कायद्याची पदवी मिळविली आणि औरंगाबादच्या सरकारी शाळेत शिक्षकी पत्करली. वकिलीचा मार्ग मोकळा असता हा माणूस वर्गात उभा राहिला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे नोकरी सोडून ते मुक्तिलढ्यात शिरले. महाराष्ट्र परिषदेची लातूर (१९३८) व उमरी (१९४१) येथील अधिवेशने याच काळातील होत.

कायद्याचे ज्ञान त्यांच्या उत्तरायुष्यात विशेष उपयोगी पडलेले दिसते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(२) मध्ये मराठवाड्यासाठी स्वतंत्र विकास मंडळाची, तसेच तंत्रशिक्षण व व्यवसायशिक्षणाच्या सोयींचे न्याय्य वाटप करण्याची तरतूद झाली होती. ती कागदावरच पडून होती. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनापासून गोविंदभाईंनी तिच्या अंमलबजावणीचा आग्रह धरला. त्यांची मागणी अनुदानाची नव्हती, घटनादत्त हक्काची होती. तिचे बळही त्यातच होते.

वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांहून अधिक ठरविला. त्यात सामान्य व तंत्रशिक्षण दोन्ही धरले होते. वैधानिक मंडळ मात्र १९९४ मध्येच आले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन होऊन लातूरची महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

या कायदेशीर मार्गाची एक मर्यादा मात्र नोंदविली पाहिजे. अनुच्छेदाचा घटक प्रदेश होता. समितीने जिल्हा धरून राज्याच्या सरासरीशी तुलना केली. जिल्ह्याच्या सरासरीत नांदेड शहर आणि किनवटचा आदिवासी डोंगरपट्टा एकत्र मिसळतात. गुणवत्ता याद्यांमुळे राज्यभर गाजलेल्या ‘लातूर पॅटर्न’च्या शहरात बाहेरगावाहून येऊन राहण्याचा व शिकवणीचा खर्च कोणाच्या आवाक्यातला, हा प्रश्नही अनुशेषाच्या कोष्टकांत मावत नाही.