गर्टीबाईंचा साखरेचा फेरा

मैत्रिणींनो, भरला हंडा घेऊन चढ चढताना स्नायूंच्या पेशी घाईत साखर अर्धवटच मोडतात. उरतं लॅक्टिक आम्ल. ते रक्तातून यकृतात जातं आणि तिथल्या पेशी त्याची पुन्हा साखर करतात. स्नायूला मिळाली त्याहून जास्त शक्ती यात खर्च होते. आपल्या गटाच्या भाषेत, व्याज यकृत भरतं!

हा फेरा १९२९ मध्ये मांडला मूळच्या प्रागच्या आणि पुढे अमेरिकेत गेलेल्या गर्टी आणि कार्ल कोरी या जोडप्यानं. काम दोघांचं. पण १९३१ मध्ये सेंट लुईसच्या विद्यापीठात कार्ल विभागप्रमुख झाले, गर्टीबाई नुसत्या संशोधन सहायक, पगारही कितीतरी कमी. प्राध्यापकपद मिळालं १९४७ मध्ये. त्याच वर्षी दोघांना नोबेल मिळालं. वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.