परचित्तज्ञान आणि हेरकथा : एका कादंबरीच्या वाचनाचा इतिहास

मार्जरी अ‍ॅलिंगहॅम ह्या इंग्रज लेखिकेची ‘द माइंड रीडर्स’ ही कादंबरी १९६५ साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी, ३० जून १९६६ रोजी, लेखिकेचे निधन झाले. त्यांनी स्वतःच्या हाताने पूर्ण केलेली ही शेवटची कादंबरी. अ‍ॅल्बर्ट कॅम्पियन हा त्यांचा नायक तोपर्यंत साडेतीन दशके वाचकांच्या परिचयाचा झाला होता. अ‍ॅगाथा ख्रिस्ती आणि डोरोथी सेयर्स यांच्या बरोबरीने अ‍ॅलिंगहॅम यांचे नाव घेतले जाई. अशा लेखिकेच्या अखेरच्या पूर्ण कादंबरीला वाचकांनी मायेने जवळ करावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मात्र ह्या कादंबरीविषयीचे मत आजतागायत दुभंगलेले राहिले. काहींना ती लेखिकेची चूक वाटते, काहींना धाडस. हे दुभंगलेपण कशामुळे आले, याचा शोध घेतला तर रहस्यकथा नावाच्या वाङ्मयप्रकाराच्या मुळाशी असलेला एक प्रश्न हाती लागतो.

कथावस्तू थोडक्यात अशी. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील एका बेटावर गुप्त संशोधनकेंद्र आहे. एकाच्या मनातले दुसऱ्याला यंत्राच्या साहाय्याने कळावे, असा प्रयोग तेथे चालू आहे. शीतयुद्धाच्या काळात अशा शोधाचे मोल काय, हे सांगायला नको. आणि मग असे आढळते की, शास्त्रज्ञ ज्याच्यासाठी झटत आहेत ते दोन शाळकरी मुलांना आधीच साधले आहे. त्यांच्याजवळ एक चिमुकले उपकरण आहे, त्याला ती ‘इग्गी-ट्यूब’ म्हणतात. मग मुलांना पळवण्याचा डाव, केंद्रातील फितुरी, मृत्यू, आणि त्यात ओढला गेलेला वयस्क कॅम्पियन. रहस्यकथेचा शेवट सांगू नये हा शिष्टाचार आहे, तो येथेही पाळतो.

नाराज वाचकांचे आक्षेप ढोबळपणे तीन प्रकारचे आहेत. पहिला, ही रहस्यकथाच नव्हे. मन वाचणारे यंत्र आले की तर्काला काम उरत नाही. दुसरा, ही धड विज्ञानकथाही नव्हे, कारण यंत्र चालते कसे याविषयी लेखिकेला फारसे कुतूहल नाही. तिसरा, कॅम्पियनचा काळ संपला होता. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकातील जमीनदारांच्या वाड्यांत शोभणारा नायक सहाव्या दशकानंतरच्या प्रयोगशाळांत पाहुण्यासारखा वावरतो. तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. दुसरा गौण आहे. पहिला मात्र सर्वांत गंभीर आणि सर्वांत उद्बोधक आहे.

त्याला इतिहास आहे. १९२८ साली अमेरिकन लेखक एस. एस. व्हॅन डाइन याने रहस्यकथेचे वीस नियम प्रसिद्ध केले. त्यांतील आठवा नियम असे बजावतो की, गुन्ह्याची उकल निसर्गनियमांच्या चौकटीतच झाली पाहिजे. प्लँचेट, स्फटिकदर्शन आणि मनोवाचन यांसारखे उपाय निषिद्ध. मनोवाचनाचा उल्लेख तेथे नाव घेऊन केलेला आहे, हे ध्यानात घेण्याजोगे. पुढच्या वर्षी रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने आपल्या दहा आज्ञा मांडल्या आणि अलौकिक शक्तींना बंदी घातली. १९३० साली लंडनमध्ये ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन झाला. नव्या सभासदाला दैवी साक्षात्कार, योगायोग आणि भोंदूगिरी यांचा आधार न घेण्याची गमतीची, पण मनापासूनची शपथ घ्यावी लागे. अ‍ॅलिंगहॅम ह्या क्लबच्या सभासद होत्या. म्हणजे १९६५ साली त्यांच्यावर रागावलेला वाचक काही लहरी नव्हता. लेखक आणि वाचक यांच्यात ठरलेला संकेत तो आठवून देत होता. पुरावे दोघांसमोर सारखेच असतील, आणि उत्तर बुद्धीने काढता येईल, हा तो संकेत.

परंतु हा संकेत जन्मला कशातून, हे पाहिले की प्रश्न उलटतो. एडगर अ‍ॅलन पो यांची ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ (१८४१) ही आधुनिक गुप्तहेरकथांची जननी मानली जाते. तिच्यात खुनाची उकल सुरू होण्यापूर्वी द्यूपँ काय करतो? सोबत मुकाट चालणाऱ्या मित्राच्या मनात कोणता विचार चालला आहे, हे तो एकाएकी बोलून दाखवतो. मित्र थक्क होतो. मग द्यूपँ त्याच्या नजरेवरून, पावलांवरून, हावभावांवरून विचारांची साखळी कशी जुळवली ते उलगडतो. कॉनन डॉइल यांनी ‘द कार्डबोर्ड बॉक्स’मध्ये (१८९३) होम्सकडून वॉटसनवर हाच प्रयोग करवला, आणि तोही पो यांचा हवाला देऊन. म्हणजे रहस्यकथेने मनोवाचनाला हद्दपार केले नव्हते, त्याला अनुमानाचे कपडे घातले होते. दुसऱ्याचे मन वाचता येते, पण चिन्हांवरून, हा ह्या प्रकाराचा मूळ दावा. स्वतः डॉइल आयुष्याच्या उत्तरार्धात परलोकविद्येचे कट्टर प्रचारक झाले. तरी होम्सला त्यांनी त्या वाटेला जाऊ दिले नाही. लेखकाची श्रद्धा एकीकडे आणि प्रकाराची शिस्त दुसरीकडे, असा हा काटेकोर हिशेब होता.

पो यांच्या ‘द पर्लॉइन्ड लेटर’मध्ये (१८४४) एका शाळकरी मुलाचा दाखला येतो. एकी-बेकीच्या खेळात तो सगळ्या गोट्या जिंकतो. त्याची युक्ती अशी की, प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्यावरचे भाव तो आपल्या चेहऱ्यावर हुबेहूब आणतो आणि मग आपल्या मनात काय उमटते याची वाट पाहतो. मन वाचण्यासाठी प्रथम त्या माणसासारखे व्हावे लागते, हे त्या मुलाला ठाऊक आहे. अ‍ॅलिंगहॅम यांची इग्गी-ट्यूब वापरणारी मुले मला ह्या मुलाचीच वंशज वाटतात. लेखिकेने पो यांच्यावरून ती घेतली, असे मी म्हणत नाही. एका घराण्याच्या खुणा पिढ्या ओलांडून उमटतात, इतकेच.

आता काळाकडे वळू. १९६१ ते १९६५ ही वर्षे ब्रिटनच्या दृष्टीने फितुरीची वर्षे होती. १९६१ मध्ये गुप्तचर खात्यातील जॉर्ज ब्लेक सोव्हिएत हेर निघाला आणि त्याला ४२ वर्षांची शिक्षा झाली. १९६२ मध्ये नौदल कार्यालयातील जॉन व्हॅसल पकडला गेला. जानेवारी १९६३ मध्ये किम फिल्बी बेरूतहून नाहीसा झाला आणि मॉस्कोत प्रकटला. ह्या माणसांसोबत त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे काम केले होते, जेवणे घेतली होती. समोरच्या माणसाच्या मनात काय आहे हे आपल्याला मुळीच कळत नाही, हा त्या काळातील सुशिक्षित इंग्रज वाचकाला बसलेला चटका होता. जॉन ल कारे यांच्या ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ने (१९६३) तोच चटका काळवंडलेल्या गद्यात मांडला. अ‍ॅलिंगहॅम यांनी त्याच भीतीची दुसरी बाजू पुढे केली. समजा, मन कळू लागले, तर? हेरगिरी संपेल की दुप्पट होईल? आणि ते यंत्र कोणाच्या हाती असावे, सरकारच्या, उद्योगपतीच्या, की कोणाच्याच नाही?

हा प्रश्न त्या काळी निव्वळ कल्पनाविलास नव्हता. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी पाच चिन्हांच्या पंचवीस पत्त्यांचा जुडगा वापरून प्रयोग केले होते. केवळ योगायोगाने सरासरी पाच उत्तरे बरोबर येतील, त्यांहून अधिक आली तर काही तरी आहे, असे ते तर्कशास्त्र. त्यांचे पुस्तक १९३४ साली आले आणि त्यावर पुढे बरीच टीका झाली. १९५९-६० च्या सुमारास फ्रेंच नियतकालिकांत बातमी आली की, अमेरिकन नौदलाने ‘नॉटिलस’ पाणबुडीशी परचित्तसंवादाचा प्रयोग केला. अमेरिकेने इन्कार केला. तिकडे लेनिनग्राडमध्ये लिओनिद वासिल्येव यांनी १९६२ मध्ये दूरस्थ मनःप्रेरणेवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. दोन्ही गोटांना एकमेकांच्या मूर्खपणाचीही धास्ती होती. म्हणून कादंबरीतील बेट १९६५ च्या वाचकाला जितके अशक्य वाटले असेल, तितके ते नव्हते. पुढे १९७२ पासून अमेरिकेत गुप्तचर खात्याच्या पैशाने अतींद्रिय दर्शनाचे प्रयोग सुरू झाले. ‘स्टार गेट’ ह्या नावाने ओळखला गेलेला हा कार्यक्रम १९९५ मध्ये बंद झाला. सुमारे दोन कोटी डॉलर खर्चून हेरगिरीच्या उपयोगाची माहिती हाती लागली नाही, असा मूल्यमापनाचा निष्कर्ष निघाला. ही हकीकत उघड झाल्यावर कादंबरी वाचणाऱ्याला विज्ञान खोटे वाटेल, पण त्या विज्ञानामागे धावणारी यंत्रणा खरी वाटेल. आणि कादंबरीचा विषय धावपळ हाच आहे.

कादंबरीचा मर्मबिंदू मात्र याहून आत आहे. इग्गी-ट्यूबमधून माहितीपेक्षा भावना अधिक येतात. प्रौढ माणसाला हा लोंढा झेपत नाही. मुलांना तो सोसतो. म्हणजे हेरखात्याला हवी असलेली वस्तू, नकाशे, नावे, आकडे, यंत्र सहजी देत नाही. ते देते दुसऱ्याचे दुःख, भय आणि तिटकारा. मराठी वाचकाला येथे पातंजल योगसूत्रांतील विभूतिपादाची आठवण यावी. योग्याला परचित्ताचे ज्ञान होते, असे सांगून लगेच पुढे मर्यादा घातली आहे की, त्या चित्ताचे आलंबन मात्र त्याला कळत नाही. टीकाकारांनी अर्थ लावला तो असा : हे मन अनुरक्त आहे एवढे कळते, कशावर अनुरक्त आहे ते नाही. सुमारे दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा हा बारकावा आणि शीतयुद्धातील एक लोकप्रिय कादंबरी एकाच जागी येऊन थांबतात, याचे नवल वाटते. दुसऱ्याचे मन कळणे आणि दुसऱ्याचे गुपित कळणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अ‍ॅलिंगहॅम यांच्या लेखनात हा विचार अचानक उगवलेला नाही. ‘द टायगर इन द स्मोक’मध्ये (१९५२) कॅनन अ‍ॅव्हरिल हा वृद्ध धर्मोपदेशक एका खुन्याचे अंतःकरण ओळखतो, आणि तेही कोणत्याही उपकरणाविना. हाच अ‍ॅव्हरिल ‘द माइंड रीडर्स’मध्ये पुन्हा येतो. यंत्राशेजारी त्याला उभे करणे सहेतुक वाटते. ‘ट्रेटर्स पर्स’ (१९४१) ह्या युद्धकालीन हेरकादंबरीत कॅम्पियनची स्मृती गेलेली आहे. त्याला स्वतःचेच मन वाचता येत नाही, आणि तशा अवस्थेत देश वाचवायचा आहे. शत्रू खोट्या चलनाने देशाची अर्थव्यवस्था खिळखिळी करू पाहतो, ही तिच्यातील कल्पना. पुढे जर्मनीने ब्रिटिश नोटा प्रचंड प्रमाणावर छापल्याचे उघड झाले, तेव्हा तीच कल्पना वाचकांना द्रष्टेपणाची वाटू लागली. स्वतःचे मन अपारदर्शक झालेला नायक १९४१ मध्ये. सगळ्यांची मने पारदर्शक होण्याची भीती १९६५ मध्ये. ही एकाच चिंतनाची दोन टोके आहेत. आणि आरंभी? १९२३ साली आलेली त्यांची पहिली कादंबरी ‘ब्लॅककर्चिफ डिक’ एका प्लँचेटच्या बैठकीत मिळालेल्या कथेवर आधारलेली असल्याचे सांगितले गेले होते. त्यांच्या पतीने पुढे ती दंतकथा खोडून काढली. खरेखोटे काहीही असो, मनांच्या ह्या अदृश्य दळणवळणाने त्यांच्या लेखनाची दोन्ही दारे उघडझाप केली आहेत.

वाङ्मयाच्या अभ्यासकासाठी येथून आणखी एक वाट फुटते. परक्याचे मन थेट वाचण्याचे यंत्र मानवाने फार पूर्वी तयार केले आहे. ते म्हणजे कादंबरी. डॉरिट कोन यांनी ‘ट्रान्सपेरंट माइंड्स’मध्ये (१९७८) दाखवले की, पात्राच्या जाणिवेचा आतून प्रत्यय देणे ही कथनात्म साहित्याची खास सत्ता आहे. लिसा झनशाइन यांनी ‘व्हाय वुई रीड फिक्शन’मध्ये (२००६) म्हटले की, इतरांच्या मनाविषयी अंदाज बांधण्याच्या आपल्या शक्तीला कादंबरी व्यायाम देते, आणि या संदर्भात त्यांनी गुप्तहेरकथेचा आवर्जून विचार केला. ह्या प्रकाशात पाहिले तर रहस्यकथा हा एक विलक्षण संयमी प्रकार ठरतो. इतर कादंबऱ्या मन उघडून दाखवतात, रहस्यकथा एक मन शेवटपर्यंत झाकून ठेवते. ते झाकण काढणारे यंत्र अ‍ॅलिंगहॅम यांनी कथेच्या मध्यभागी ठेवले, तेव्हा त्या आपल्याच धंद्याचे भांडवल पणाला लावत होत्या. वाचक अस्वस्थ झाला ते उगाच नव्हे.

म्हणून आक्षेपकांचे म्हणणे मला अर्धे मान्य आहे. कादंबरी दाट आहे, पात्रांची गर्दी आहे, फितुराचा शोध पुरेसा बांधेसूद नाही. ‘द टायगर इन द स्मोक’ची उंची ती गाठत नाही. परंतु नियम मोडला म्हणून ती फसली, हे खरे नाही. नियमाने जे गृहीत धरले होते, की दुसऱ्याचे मन कळले म्हणजे सत्य कळले, तेच तिने तपासून पाहिले आणि ते पुरेसे नसल्याचे दाखवले. मन कळल्यानंतरही ऐकणाऱ्याने काय करायचे, हा प्रश्न उरतो. खुनी माणसाच्या अंतरंगात डोकावणारा धर्मोपदेशक आणि त्याच अंतरंगाची किंमत ठरवणारा उद्योगपती यांच्यात ज्ञानाचा फरक नाही, हेतूचा आहे.

जुन्या रहस्यकथेचा विद्यार्थी नियमांच्या याद्या पाठ करतो, तेव्हा व्हॅन डाइनच्या आठव्या नियमाशेजारी त्याला ही कादंबरी अपवाद म्हणून शिकवली जावी. तिच्याविषयीचे मतभेद मिटवण्याची गरज नाही. ज्या वाचकाला ती खटकते, त्याच्या खटकण्यात एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराची शिस्त बोलत असते. ज्याला ती भावते, त्याला त्या शिस्तीखाली दबलेली जुनी इच्छा ओळखू आलेली असते. दोघेही एकच पुस्तक वाचत आहेत.