पेन्सिलचा ठिपका

मागच्या पावसाळ्यात भाच्याच्या मित्राने एक जड लाकडी पेटी घरी आणून ठेवली. चोर बाजारातून घेतलेला जुना गिटार अँप्लिफायर. वर काळे रेक्झिन, पुढे जाळीचे कापड, कंपनीचे नाव कुठेच नाही. "अंकल, आतलं सगळं काढून टाका आणि नवीन बोर्ड बसवून द्या. पेटी छान आहे, ती ठेवू," तो म्हणाला. मी मागची फळी उघडून आत पाहिले आणि म्हटले, "बेटा, पंधरा दिवस दे. काढायचं की ठेवायचं, ते मग ठरवू."

माझे मामू मुंबईत रेडिओ मेकॅनिक होते. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्या दुकानात बसायचो. व्हॉल्व्ह तापल्यावर येणारा धुळीचा वास मला अजून आठवतो. त्यांच्याकडे कुठलीही पदवी नव्हती, म्हणून घरात त्यांना कोणी इंजिनिअर म्हटले नाही. मी पुढे पॉलिटेक्निकमध्ये शिकवले आणि सगळे मला 'सर' म्हणू लागले. ही पेटी उघडताना हा फरक मनात होता, हे कबूल करतो.

दुरुस्तीआधी थोडा इतिहास सांगायला हवा. १९०४ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन फ्लेमिंग यांनी दोन टोकांचा व्हॉल्व्ह बनवला. अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ च्या सुमारास त्यात तिसरे टोक घातले. त्याला ग्रिड म्हणतात. ग्रिडवरचा अगदी लहानसा व्होल्टेज व्हॉल्व्हमधून जाणारा मोठा प्रवाह कमी-जास्त करतो. गिटारच्या तारेची क्षीण थरथर हॉलभर ऐकू येते ती एवढ्याच तत्त्वावर.

गिटारचे अँप्लिफायर घडवणारे लोकही पदवीवाले नव्हते. लिओ फेंडर हे हिशेबनीस. नोकरी गेली तेव्हा त्यांनी १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. त्यातूनच पुढे फेंडरच्या गिटारी आणि 'बासमन' अँप्लिफायर आला. जिम मार्शल हे लंडनमध्ये ड्रम वाजवायला शिकवायचे. हॅनवेल भागात त्यांचे वाद्यांचे दुकान होते. अमेरिकन माल महाग पडत होता, म्हणून १९६२ मध्ये त्यांचा मेकॅनिक केन ब्रॅन आणि तरुण डडली क्रेव्हन यांनी बासमनच्या सर्किटची जवळजवळ नक्कल केली. पण सुटे भाग ब्रिटिश होते. दहा इंची चार स्पीकरऐवजी बंद पेटीत बारा इंची चार स्पीकर आले आणि आवाज वेगळाच निघाला. आज रॉक संगीताच्या इतिहासात त्या 'जेटीएम-४५' ला मानाचे स्थान आहे. त्या प्रतीला कोणी नकली म्हणत नाही.

आता आमची पेटी. हिच्यात सहा व्हॉल्व्ह होते. त्यातल्या पाचांची मांडणी मी लगेच ओळखली. मुलार्ड या ब्रिटिश कंपनीने १९५० च्या दशकात घरगुती संगीतासाठी '५-१०' नावाचे सर्किट छापून प्रसिद्ध केले होते. पाच व्हॉल्व्ह, दहा वॉट. एक ईएफ-८६, एक ईसीसी-८३, शेवटी ईएल-८४ ची जोडी आणि एक रेक्टिफायर. आमच्या मेकॅनिकने त्याच्या पुढे गिटारसाठी आणखी एक ईसीसी-८३ जोडला होता. काही व्हॉल्व्ह बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे होते. त्या काळी आयातीवर कडक बंधने होती आणि परदेशी अँप्लिफायर सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर होता. 'शॅडोज'ची धून ऐकून गिटार उचलणारी मुले, १९७० आणि १९७१ च्या सिमला बीट स्पर्धेत वाजवणारी मुले, या सगळ्यांना आवाज तर मोठा हवाच होता. रेडिओ मेकॅनिकला गाठून अँप्लिफायर बनवून घेणे हा एक मार्ग होता. ही पेटी त्याच मार्गाने जन्मलेली दिसत होती.

असे जुने यंत्र थेट प्लगला लावायचे नसते. फ्यूजच्या जागी कोणीतरी साधी तार गुंडाळली होती. ती काढून योग्य फ्यूज घातला आणि शंभर वॉटच्या बल्बचा सिरीज बोर्ड लावून वीज दिली. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो. तो मंद पेटला. पण स्पीकरमधून मोठी घरघर सुरू झाली.

घरघरीचा स्वर ओळखला की अर्धे काम होते. आपली वीज ५० हर्ट्झची. रेक्टिफायरनंतर तिची १०० होते. मुलाला म्हटले, "सहाव्या तारेवर तिसरा पडदा दाब." तो स्वर ९८ हर्ट्झचा. घरघर त्याच्याशी जवळजवळ जुळली. म्हणजे दोष पुरवठ्याच्या बाजूला. मोठे कंडेन्सर वाळले होते. वीज बंद करून, त्यांच्यात साठलेले तीनशे व्होल्ट रेझिस्टरमधून उतरवून मी ते बदलले. वीज बंद केल्यावरही हे कंडेन्सर जीव घेऊ शकतात, म्हणून ही पायरी कोणी गाळू नये.

घरघर कमी झाली, गेली नाही. शेवटच्या जोडीमागचा ईसीसी-८३ काढून पाहिला, तरी चालूच. दहा मिनिटांत जोडीतल्या एका ईएल-८४ ची पट्टी लालभडक झाली. दुसरा मात्र थंडच. दोन व्हॉल्व्हची अदलाबदल केली. लाली व्हॉल्व्हबरोबर गेली असती तर व्हॉल्व्ह खराब. ती जागेवरच राहिली, म्हणजे दोष सर्किटमध्ये.

इथे मी दोन दिवस अडकलो. चासी उलटी करून टॉर्च लावला तेव्हा पत्र्यावर पेन्सिलच्या खुणा दिसल्या. उर्दू आकडे. रेक्टिफायरपाशी ३१०. ईएल-८४ च्या कॅथोडपाशी ११. बनवणाऱ्याने कुठे किती व्होल्टेज हवा ते लिहून ठेवले होते. मी मीटर लावला. पहिल्या ठिकाणी ३०० च्या आसपास, ठीक. कॅथोडवर ११ ऐवजी १३. ग्रिडपाशी काहीच लिहिलेले नव्हते, फक्त पेन्सिल टेकल्यासारखा एक ठिपका.

अम्मींनी मला उर्दू शिकवली तेव्हाचे आकडे आठवायला थोडा वेळ लागला. उर्दूत शून्य म्हणजे ठिपका! त्याने लिहिले होते, इथे शून्य हवे. माझा मीटर नऊ व्होल्ट दाखवत होता. ईएल-८४ काढून पाहिला तरी व्होल्टेज तसाच. मग उरला फक्त आधीच्या टप्प्यातून आवाज आणणारा मेणकागदाचा जुना कंडेन्सर. त्याने फक्त आवाज पुढे सोडायचा आणि मागचा उच्च व्होल्टेज अडवायचा. तो झिरपत होता. एक टोक सोडवताच ग्रिडवर शून्य आले.

नवा कंडेन्सर लावला आणि लालीबरोबर उरलेली घरघरही गेली. या पेटीत जोडीला कॅथोडचा रेझिस्टर एकच आहे. एक व्हॉल्व्ह जास्त ओढू लागला तेव्हा दुसरा आपोआप दबला. दोघे सारखे चालले तरच पुरवठ्याची घरघर ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना खोडते. दोन दुखण्यांचे मूळ एक होते.

तो मेकॅनिक कोण होता, मला माहीत नाही. उर्दू आकडे म्हणजे मुसलमानच, असेही नाही. फाळणीनंतर मुंबईत आलेल्या पंजाबी हिंदू-शीखांची ती पिढीही उर्दूत हिशेब लिहायची. मुद्दा वेगळा आहे. आपण आपला इतिहास लिहितो तेव्हा सुलतान येतात, सूफी येतात, शायर येतात. सर्किट वाचून, ते बदलून, पुढच्यासाठी आकडे लिहून ठेवणारा कारागीर येत नाही. हॅनवेलच्या केन ब्रॅनचे नाव पुस्तकात आहे, कारण कोणीतरी ते विचारून लिहून घेतले. माझ्या मामूंना मी कधी काही विचारले नाही. त्यांची वही कुठे गेली, तेही घरात कोणाला ठाऊक नाही. तुमच्या घरी अशी वही असेल तर रद्दीत देण्याआधी एकदा उघडा.

मुलाने नवीन बोर्डाचा विषय पुन्हा काढला नाही. काढलेले भाग मी पिशवीत बांधून पेटीतच ठेवले. नव्या कंडेन्सरजवळ तारीख लिहिली. खाली उर्दूत तो ठिपका पुन्हा काढला आणि शेजारी मराठीत शून्य.